काठीचं टोक

३ मार्च

चि. छोटूस,

अनेक आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, फार मनावर घेऊ नकोस. फोनवर तू ओरडतोस, मी ओरडते आणि आई रडते, म्हणून हे पत्र.

आईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. मावशीकडे घेऊन जाते म्हणून मी तिला विमानात बसवलं. टेकड्या ओलांडल्या आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. आई म्हणाली, किती शांत वाटतंय गं! तिला वाटलं, मीच बंद केलं. बटाट्याच्या शेतात उतरले. पुढचं चाक सरीत रुतलं आणि तिने हात टेकला. टाक्या ठणठणीत कोरड्या होत्या.

अण्णांचा नियम होता, उतरलं की टाक्या भरून ठेवायच्या. अण्णा गेले, विमान आपल्या दोघांचं झालं आणि तुझ्यातला कवडीचुंबक मोकाट सुटला. भरलेली टाकी जड, जड विमान जास्त पितं, म्हणून जेमतेम भरायचं. मागची सीट काढलीस. पायाखालचा गालिचा काढलास. आणि टेकड्यांपलीकडे पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून तिथवर पेट्रोल जाळत जातोस! दातांच्या दवाखान्यात मी दिवसभर हट्टी पोरं बघते, पण तुझ्यासारखं एकही नाही.

माझा हिस्सा तू घे, नाहीतर विमान विकून टाकू. आईला मी पुन्हा त्यात बसवणार नाही.

लोभ होता तेवढा शेतात सांडला.

ताई

९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

आईचं ऐकून वाईट वाटलं. तुझं पत्र वाचून मात्र अजिबात वाटलं नाही. निघण्याआधी काठी टाकीत बुडवून पेट्रोल कोणी मोजलं? तूच. काठीने पुरेसं दाखवलं म्हणूनच उडालीस ना? मग माझ्या नावाने बोटं का मोडतेस?

कारण मी सांगतो. वर गेल्यावर लाल दांडी मागे ओढून इंजिनाचं पेट्रोल कमी करायचं असतं, हे तुला अण्णांनी शिकवलं आणि मी शंभरदा सांगितलं. तू तिला हात लावायला घाबरतेस. तुझ्या हातात विमान पाणी प्यायल्यासारखं पेट्रोल पितं. त्यात आईची ती बॅग. मावशीकडे दोन दिवस जायचं तर इस्त्री कशाला लागते?

चाक मी माझ्या वर्कशॉपमध्ये सरळ केलं. विमान परत जागेवर आणलंय. काठी तू रागारागात घरी घेऊन गेलीस, तेव्हा तिच्याच मापाची दुसरी करतो. तिचा कागदावर काढलेला साचा माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी आमच्या चिमणीला तिच्या वाढदिवसाचं उडवून आणणार आहे. विकायची भाषा पुन्हा नको.

मोठ्या बहिणीने लहानावर लोभ करावा म्हणतात. बघ जमलं तर.

छोटू

१३ मार्च

छोटू,

आशीर्वाद चिमणीला. तुला नाही.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या हाती पाठवतेय. उभ्या उभ्या वाच.

तुझं पत्र आलं आणि मी काठी काढली. पेट्रोल कुठवर उतरलं असेल ते खुणेनिशी दाखवून तुझं तोंड बंद करायचं होतं. अण्णांनी तापल्या सळईने सगळ्यात खाली अक्षरं उमटवली होती, आठवतं? ‘थांब’. पेट्रोल तिथवर आलं की उडायचं नाही. मी काठी उलटीसुलटी केली, आईला दाखवली. ‘थांब’ नाहीच. खालचं टोक रंधा मारून, पॉलिशपेपर घासून गुळगुळीत केलंय. असं नीटनेटकं काम आपल्या घरात एकच माणूस करतो.

काठी खालून तोकडी झाली की सगळ्या खुणा खाली सरकतात. टाकीत कमी असलं तरी काठी जास्त दाखवते. मी मोजलं ते खोटं होतं. तू मोजतोस तेही खोटंच. आणि त्या साच्याने केलेल्या काठीवर विसंबून तू चिमणीला वर नेणार आहेस.

मोडली असेल तर सांगायचंस. नवी घ्यायला जिवावर आलं होतं?

लोभाचं नंतर बघू. आधी थांब.

ताई

२० मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझा कंपाउंडर आला तेव्हा चिमणी गाडीत बसली होती. आम्ही गेलो नाही. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तुझ्यावर गेलीय.

काठी विमानाच्या दारात सापडून तिरकी मोडली होती. वरचा भाग चांगला होता, फेकवला नाही. पेट्रोल एवढं खाली आपण कधी जाऊच देत नाही, मग त्या तीन बोटं लांब टोकाचं काय काम, असं वाटलं. लाल दांडीबद्दल बोललो ते मात्र मागे घेत नाही. इस्त्रीबद्दलही नाही.

टाकीत नव्याने माप घेऊन नवी काठी केली आणि साचा जाळला. टाक्या गळ्यापर्यंत भरल्यात. स्वतः येऊन मोजून बघ. तुझा हिस्सा मी घेणार नाही. आईला सांग, मी येतोय, पण तू घरी नसशील तेव्हा.

मोडलेलं टोकही फेकवलं नव्हतं. तिरकं होतं, म्हणून वर्कशॉपच्या दाराखाली पाचर म्हणून ठोकलं होतं. परवा वाकून काढलं. अक्षरं वरच्याच बाजूला होती. वर्षभर येता-जाता मी त्यावर पाय देत होतो.

आता ते माझ्या खिशात आहे. दार दिवसभर आपटतंय. आपटू दे.

लोभ मागत नाही. राग थोडा कमी झाला तर कळव.

छोटू