चौदा हजार तीनशे एक्कावन्न

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी एका आकड्याबद्दल बोलायचंय. भोसरीच्या वर्कशॉपमधून तुम्ही दुपारी जेवायला घरी यायचात आणि आई ताट वाढेपर्यंत मला एक भलीमोठी संख्या द्यायचात, फोडून दाखव म्हणून. त्या दिवशी १४३५१ दिलीत. शेवटी एक, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज चौदा, म्हणजे तीन बाद. सात, अकरा, तेरा करत मी सत्त्याण्णवपर्यंत आले आणि वैतागून जाहीर करून टाकलं की ही अविभाज्य आहे. तुम्ही भाकरी मोडताय, वर बघतही नाही. "तू दमलीस म्हणून ती अविभाज्य झाली व्हय?" मी रडले. आईने तुमच्यावर डोळे वटारले. शेवटी एकशे तेराला ती फुटली. एकशे तेरा गुणिले एकशे सत्तावीस, दोन्ही अविभाज्य. मग तुम्ही समजावलंत की जोडीच्या दोन गिअरना इतके इतके दात ठेवले, तर एकदा भिडलेले दोन दात पुन्हा भिडेपर्यंत चौदा हजार तीनशे एक्कावन्न दात जातात. "खराब दातानं सारखं येकालाच खाऊ न्हाई. दुखणं सगळ्यांत वाटलं पायजे."

आता मी चाकणला एका कंपनीत डिझाइन बघते. गाड्यांचे दरवाजे वर चढवून नेणाऱ्या कन्व्हेयरच्या गिअरसाठी मी तुमचेच दोन आकडे लिहिले होते. गिअर कापणारा म्हणाला, "मॅडम, एकशे सत्तावीसला लई टाइम जातो. एकशे अठ्ठावीस आणि एकशे बारा करा, उद्याच घेऊन जा." दोन्ही सोळाने भागतात. हे मला तिथल्या तिथे दिसलं होतं, अण्णा. पण लाइन बंद होती, साहेबांचे फोनवर फोन येत होते. मी ड्रॉइंग बदलून सही केली. आता मोठ्या गिअरच्या दर सातव्या फेरीला तेच दोन दात भिडतात. परवापासून आवाज येतोय. मी उभी राहून मोजलं. सहा फेऱ्या शांत, सातवीला टक्. आज तो कालच्यापेक्षा मोठा होता.

खाली एक ताई दरवाजे हुकाला अडकवते, लातूरकडची आहे. दात तुटला तर वर चढलेली सगळी रांग उलटी तिच्या अंगावर येईल. आज सकाळी तिने विचारलं, "मॅडम, वर कायतरी वाजायलंय. थांबू का?" मी म्हणाले, "नवीन गिअर आहे, बसेल हळूहळू. चालू द्या." तिने मान डोलावली आणि पुढचा दरवाजा उचलला. जे साहेबांना लिहायला हवं ते मी तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही. मला भीती वाटतेय. वरून काही पडलं तर लागू नये म्हणून तिथे जमिनीवर पिवळा पट्टा आखलाय. तिला चालू द्या म्हणताना, अण्णा, मी त्या पट्ट्याच्या बाहेर उभी होते.