लाल बुरखाधारी

३ मार्च १९८५, रविवार
तालीम संपल्यावर वस्ताद याम यांनी गच्चीवर सगळ्यांसमोर विचारलं, तिन-याउ, माझे गुडघे संपले. नोव्हेंबरात सत्तरी आहे, त्या दिवशी तालमीची किल्ली कुणाच्या तरी हातात ठेवणार. तू थोरला शिष्य. घेतोस?
विचार करून सांगतो म्हणालो. नको म्हणवत नाही, वीस वर्षं घाम गाळलाय तिथे. पण पत्र्याच्या शेडखाली पोरांना पवित्रे शिकवत म्हातारं व्हायचं? तेही मी? कालच पिक्चरवाल्या मिस्टर क्वोकना भेटलो. बघताक्षणी म्हणाले, या हीरो!
नंतर चहावाल्यालाही हीरो म्हणाले. पण मला म्हणताना आवाज वेगळा होता.

५ मार्च
बायको वाई-फान म्हणते, मिनीबस हाकून कंबर गेली तुझी, आयती तालीम मिळतेय, डोकं ठिकाणावर आहे ना? ती हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिला कलेतलं काय कळणार.
लोक हसतात आमच्या हाँगकाँगच्या मारामारीच्या पिक्चरना. विग घसरतो, ठोसा हातभर लांबून बसतो, तोंड मिटल्यावर आवाज येतो, एकच चहाचं दुकान तीन पिक्चरमध्ये मोडतं. सगळं कबूल. पण बाबा गोदीवरून सुटले की मला शाम शुई पोच्या स्वस्त थिएटरात न्यायचे. पडद्यावर एक काटकुळा माणूस रिकाम्या हातांनी सावकाराचे गुंड लोळवायचा, आणि बाबा दिवसभरात पहिल्यांदा ताठ बसायचे. मला तो काटकुळा माणूस व्हायचंय. यात हसण्यासारखं काय आहे?

२१ एप्रिल
शूटिंग सुरू! मी लाल निंजा. तोंड पूर्ण झाकलेलं, फक्त डोळे उघडे. क्वोकना विचारलं, चेहरा कधी दिसणार? म्हणाले, तुझ्या डोळ्यांत आग आहे, चेहरा हवाय कशाला? पटलं.
बागेत व्यायामाला आलेल्या म्हाताऱ्यांनी हाकललं. एक आजी ओरडली, ए लाल माकडा, आमची जागा आहे ही, तिकडे जाऊन नाच!
पब्लिकने ओळखायला लागणं याची हीच सुरुवात असते.

२२ एप्रिल, दुपार
आज अभिनय. ऑफिसात एकटाच बसून फोनवर बोलायचं. बुरखा घालूनच. पलीकडे कोण आहे विचारलं, तर क्वोक म्हणाले, जो मिळेल तो. डायलॉग मागितले. म्हणाले, एक ते दहा आकडे म्हण, नंतर कुणीतरी गोरा साहेब इंग्रजीत बोलेल तुझ्या जागी.
म्हटले आकडे. मनापासून म्हटले. सातला माझे डोळे भरून आले. कॅमेरामन जांभई देत होता, पण कॅमेरा चालू होता.

२४ एप्रिल
क्वोक म्हणतात, एवढं खाली बसू नकोस, कंबर कॅमेऱ्याकडे आण, पाय ताण. केलं. भारी दिसतं. धाकटा गुरुबंधू पिउ बघायला आला होता. हळूच म्हणाला, दादा, टाच उचलली जातेय. वस्ताद बघतील.
त्याला समजावलं की तालीम वेगळी, पडदा वेगळा. चांगला मुलगा आहे, पण झेप नाही.
शूटिंग संपेपर्यंत गच्चीवर जायचं नाही असं ठरवलंय. स्टाइल बिघडते.

२ मे
काळा निंजा आणि पिवळा निंजा दोघेही दुसऱ्या पिक्चरला पळाले. क्वोकनी कपडे माझ्या अंगावर टाकले. म्हणजे तिहेरी भूमिका! भल्याभल्यांना ही संधी उतारवयात मिळते. आज पिवळ्याने लाल्याचा मुडदा पाडला. दोन्हीकडून मीच. संध्याकाळी गुडघा सुजला.

१६ जून
वाई-फानच्या कारखान्यातली एक बाई क्वोककडच्या शिंप्याची मेहुणी. तिने सांगितलं म्हणे, क्वोकने थायलंडचा अर्धवट पडलेला पिक्चर विकत घेतलाय, विधवेचा आणि तिच्या हत्तींचा. त्यात मधेमधे आमचे निंजे चिकटवणार, आणि फोनवरून दोन्ही गोष्टी जोडणार. वाई-फान म्हणाली, म्हणजे दुसऱ्याच्या फाटक्या पायजम्याला तू ठिगळ.
म्हटलं, ठिगळच उठून दिसतं. उठून भात बघायला गेली. हरली.

१८ ऑगस्ट
वस्तादांनी बोलावून पुन्हा विचारलं. म्हणालो, आधी पिक्चर बघा, मग तुम्हीच ठरवा मी कुठे शोभतो ते. ते म्हणाले, बरं, बघू. आणि निघताना म्हणाले, सकाळी साडेपाचला दिसत नाहीस हल्ली.
बिझी आहे म्हणालो.

२९ सप्टेंबर
पिक्चर हाँगकाँगला लागणार नाही. क्वोक म्हणाले, इथल्या पब्लिकची लायकी नाही. परदेशात कॅसेटवर निघालाय. टायटलमध्ये माझं नाव रॉजर स्टोन. मोक तिन-याउ गोऱ्यांच्या तोंडात बसत नाही.
पुढच्या पिक्चरचं विचारलं. फोन करतो म्हणाले.

२७ ऑक्टोबर
फोन नाही. लाइन बिघडली असणार. इतक्या दांड्या मारल्या म्हणून बसमालकाने मिनीबस दुसऱ्याला दिली. बरंच झालं.
ठरलं. किल्ली घेतो. वस्तादांवर उपकार म्हणून. दारावर माझा मोठा फोटो लावायचा, म्हणजे पोरं धावत येतील. वाई-फानला सांगितलं. तिने उठून माझा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला.

१७ नोव्हेंबर, रविवार
वाढदिवस. दीर्घायुष्याच्या नूडल्स, भाजलेलं डुक्कर, सगळे शिष्य हजर. मी वस्तादांच्या शेजारी बसलो. हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पिउ उठला. त्याच्या बहिणीने मँचेस्टरहून कॅसेट पाठवली होती. तिन-याउदादांचा पिक्चर, म्हणत त्याने ती टीव्हीवर लावलीसुद्धा! मला सरप्राइज. पोरगा मनाने साफ आहे, आनंदाने फुलला होता.
विधवा रडली. हत्ती गेले. मग बुरखा घालून फोनवर बोलणारा लाल निंजा आला. पोरं खो खो हसली. मग मारामारी. लाल पडला, काळा पडला, पिवळा एकटाच उभा राहिला. हसणं हळूहळू थांबलं.
वस्ताद पुढे वाकून बघत होते. म्हणाले, लाल काय, काळा काय, पिवळा काय, तिघांचीही टाच वर. एकाच माणसाने केलेलं वाटोळं दिसतंय. कुणाचा शिष्य हा?
पिउ जमिनीकडे बघत होता. मी म्हणालो, ओळखत नाही, वस्ताद. बाहेरचा कुणीतरी असेल. माझा भाग कापला त्यांनी.
वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पिउला जवळ बोलावलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. म्हणाले, तो बुरखाधारी कधी आलाच तर हाकलू नकोस. लहान पोरांच्या मागे उभा कर. पाय कसे रोवायचे, तिथपासून शिकव.
पिउ हो म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.
वस्तादांनी मला ओळखलं नाही, हे एक बरं झालं. नजर गेली त्यांची.
घरचा जिना चढताना वाई-फानने विचारलं, उद्या किती वाजता उठवू?
पाचला म्हणालो.