टायरवर छापलेला आकडा

४ नोव्हेंबर, मंगळवार

टायर चांदकडेच बसवायचे — ऋतुजाचं ठरलंय! विश्रांतवाडीत टायरची दुकानं काय कमी आहेत? पण नाही. "पप्पा, मातीच्या गाडीतलं त्यांनाच कळतं." हिला गाडी घेऊन चार महिने झाले, आणि कोणाला काय कळतं हेही कळायला लागलं.

हा चांद म्हणजे आळंदी रोडच्या वखारवाल्याचा मुलगा. त्याच्या बापाचा काटा मी पकडला होता. दोनशे ग्रॅमचा फरक. तीस वर्षं झाली, पण वजनमापे खात्याचा निरीक्षक कोणी विसरत नाही. दुकानात शिरताच, "या साहेब, बसा साहेब." इतका गोडवा कशासाठी?

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर दुकानात उभा राहिलो. नजर ठेवायची तर उभंच राहावं लागतं.

गाडी विजेची. आवाज नाही, धूर नाही, दिसायला सायकलची थोरली बहीण. आधीच्या मालकाने डांबरी रस्त्याचे टायर घातले होते, ते मातीत घसरतात. चांदने दोन जोड पुढे ठेवले. एकाचे ठोकळे बारीक आणि जवळजवळ, दुसऱ्याचे मोठे, मधे बोटभर जागा. "माती कसली आहे, बेटा?" ऋतुजा म्हणाली, लोणी काळभोरची, वरून भुसभुशीत, खाली टणक. त्याने मोठ्या ठोकळ्यांचा जोड उचलला. मी आधी तारीख पाहिली. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते. याच वर्षीचे निघाले. हे बरं.

मग त्याने रिममध्ये एक जादा बोल्ट घातला. कशाला? म्हणे, बॅटरीची गाडी एकदम ओढते, टायर रिमवरच फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व तुटतो. मी इतर कुठल्या गाडीत असला बोल्ट पाहिलेला नाही! साबणाचं पाणी लावलं, पट्ट्यांनी कड आत ढकलली, फिरण्याच्या दिशेचा बाण तपासला. हात सफाईदार आहे, हे कबूल करतो. वखारवाल्याचाही होता.

हवा भरताना मात्र सापडला. टायरवर स्पष्ट छापलंय — छत्तीस. याने भरली बारा! विचारलं तर हसला. "साहेब, छत्तीस म्हणजे जास्तीत जास्त. त्याच्या वर जायचं नाही. मातीत कमीच लागते, टायर दबला की पकडतो."

माझी सगळी नोकरी यात गेली. पाकिटावर एक किलो छापलं आणि आत नऊशे ग्रॅम निघाले, तर दुकानदार असाच हसतो. ट्यूब जुनी असणार. छत्तीस भरली तर फुटेल, म्हणून ही बाराची कहाणी.

बाहेर आल्यावर ऋतुजाला बजावलं, त्याचं ऐकू नकोस, छापलेलं तेच खरं. "बरं पप्पा," म्हणाली. घरी आणून माझ्या पितळी गेजने मोजून छत्तीस भरली. फुटली नाही. म्हणजे आता हळूहळू गळणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी मोजली. छत्तीस. उद्या ऋतुजाचा नव्या टायरवरचा पहिला सराव.

९ नोव्हेंबर, रविवार

पहाटे पाचला खाली गेलो. बारा!! दोन्ही टायर बारा!

गळती अशी मोजून होते का? पुन्हा छत्तीस भरली. कोणाला काही बोललो नाही. धाडीची वर्दी द्यायची नसते. सहाला टेम्पो आला, गाडी गेली.

संध्याकाळी ऋतुजा हेल्मेट टेकवत म्हणाली, "गाडी नाचते पप्पा. टायर दगडासारखे लागतात, वळणावर मागचा धरतच नाही." ज्यांच्या शेतात ही गाडीवाली पोरं सराव करतात ते कचरूमामा हिला म्हणाले, "ताई, गाडी लई उडाया लागली हाय. जरा दमानं." मी एवढंच म्हटलं, चांदचे टायर! वाद झाला. बायको मधे पडली, "पोरीला जेवू द्या आधी."

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही चाकं काढून ट्यूब बादलीत बुडवल्या. एकही बुडबुडा नाही. ट्यूब नवी कोरी. मग हवा काढतं कोण?

दिग्विजय. दुसरा कोण असणार! सोसायटीचा सेक्रेटरी, तिसरा मजला. पार्किंगमध्ये गाडी चार्ज करण्यावरून त्याने फलकावर नोटीस लावलीय. "काही सभासदांच्या हौसेसाठी." काही सभासद म्हणजे आम्ही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ऋतुजा परवा पुन्हा चांदकडे गेली होती. त्याने मागचा टायर बदलून मऊ रबराचा दिला, जास्तीचं काही न घेता. का? चूक असल्याशिवाय कोण बदलून देतं!

आणखी एक. माझं गेज खणात नेहमी काच वर करून असतं. आज उलटं होतं. बायकोला विचारलं. "मी काय त्याने पोळ्या मोजू?"

१६ नोव्हेंबर, रविवार

पहाटे पुन्हा बारा. पुन्हा भरली. संध्याकाळी ऋतुजाचा गुडघा सोलवटलेला. टायर मऊ घेतला तरी तेच.

रात्रीच्या जेवणाला बसली आणि एकदम म्हणाली, "टायरमध्ये काही नाही पप्पा. माझ्यातच कमी आहे."

मला फार वाईट वाटलं. खराडीची नोकरी सोडून आली पोरगी. तेवीसला कात्रजपलीकडच्या मैदानावर चाचणी आहे. गाड्या बनवणारी एक कंपनी तीन टेस्ट रायडर घेणार, आलेल्या नावांमध्ये मुलगी ही एकटीच. नोकरी सोडली तेव्हा मी महिनाभर बोललो नव्हतो. आता वाटतं, मिळावंच हिला. आणि कोणीतरी खाली जाऊन हिचे पाय ओढतंय! सोडणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सापळा लावला. निवृत्तीच्या वेळी खणात शिशाचे दोन शिक्के राहिले होते, काट्यांना लावायचो ते. व्हॉल्वच्या टोप्यांना भोक पाडलं, तार ओवून चाकाच्या तारेला बांधली, शिक्के दाबून बसवले. आता हवा काढायची तर शिक्का तोडावा लागेल. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ऋतुजा खाली जाऊन गाडी पुसून आली. काही बोलली नाही. म्हणजे तोपर्यंत तरी शिक्के जाग्यावर होते.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

दोन्ही शिक्के गायब! हवा बारा! ऐन चाचणीच्या दिवशी! छत्तीस भरली. आज एकदा सोडून दोनदा मोजली.

ऋतुजा निघाली. बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, मग माझ्या पाया पडली. कधी पडत नाही. मी "जयभीम" म्हणालो.

ती गेल्यावर दिग्विजयला जिन्यात गाठलं. शांतपणे म्हणतो, "अहो, मला स्वतःच्या गाडीत हवा भरायला वेळ नाही, तुमच्या गाडीची काढायला कधी येऊ?" निगरगट्ट!

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुसऱ्याच वळणावर मागचं चाक घसरलं. गळ्याजवळचं हाड मोडलंय. सरळ जुळेल म्हणाले डॉक्टर, सहा आठवडे हात गळ्यात. चाचणी गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चांद दवाखान्यात आला. डब्यात खिमट, त्याच्या बायकोने केलेलं. उभ्यानेच म्हणाला, "बेटा, टायर मी निवडला. माझं चुकलं असेल." मी मनात म्हटलं, आता कबूल!

ऋतुजा म्हणाली, "नाही काका, टायर चांगलेच आहेत. मला जमत नाही, एवढंच." मग माझ्याकडे वळली. "पप्पा, गाडी विकून टाका. खराडीला परत विचारते."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

जाताना चांद मला बाहेर घेऊन गेला. "अब्बा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे साहेब. काटा मोडला होता ते त्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही उभं राहून दुरुस्त करवून घेतला." खोटं बोलत असेल असंही वाटून गेलं. तसा चेहरा नव्हता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ऋतुजाला घरी आणलं. हिने धुवायला टाकलेलं ऋतुजाचं जाकीट मी उचललं, खिसे तपासले. सवय.

आतल्या खिशात माझे दोन शिशाचे शिक्के. तार पकडीने नीट कापलेली. हरवू नयेत म्हणून कागदात गुंडाळलेले. कागदावर चांदच्या अक्षरात — "पुढे १२, मागे १२. आदल्या दिवशी कर. पप्पांशी वाद नको."

शनिवारी संध्याकाळी हवा ती कमी करत होती. रविवारी पहाटे मी भरत होतो.

ती आत जागी आहे. मोबाईलवर गाडीच्या विक्रीची जाहिरात लिहितेय. दिग्विजयकडे उद्या, चांदकडेही उद्या. ही वही मिटून आधी तिच्याकडे जातो.