तुझ्या गोष्टी तिच्याकडे

आई, तुला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे, तेही तक्रार करायला. तक्रार बाबांच्या दुसऱ्या बायकोची आहे. तिला मी काय म्हणते, असं विचारशील, तर काहीच म्हणत नाही. बाबा म्हणाले होते, आई म्हण. शेजारच्या काकी म्हणाल्या, मावशी तरी म्हण. मी दोन्ही म्हटलं नाही. तिच्याशी बोलायचं झालं की समोर जाऊन उभी राहते आणि ‘अहो’ नाहीतर ‘ऐकलं का’ म्हणते. आणि बोलते शुद्ध मराठीत, ऑफिसात साहेबांशी बोलते तसं. बाबांशी मालवणी, शेजाऱ्यांशी मालवणी, दारात म्हावरं घेऊन येणाऱ्या बाईशीसुद्धा मालवणी. फक्त तिच्याशी ही कागदावरची भाषा. तिने मात्र आजपर्यंत एकदाही मला शुद्ध मराठीत उत्तर दिलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते. तुला गोव्याच्या इस्पितळात न्यायला आलेली पांढरी गाडी मला आठवते, आणि तिच्यानंतरचं काही आठवत नाही. तुझ्या म्हणून माझ्याकडे पाचच आठवणी आहेत, त्याही इतक्या वेळा काढून बघितल्या आहेत की आता त्या घडल्या होत्या की मी रचल्या, हेही सांगता येत नाही. तू माझे केस विंचरताना फार ओढायचीस. जत्रेतून मला खेळायला एवढीशी सुपली आणली होतीस. एकदा रापणीचं मोठं जाळं ओढताना बघायला मी न सांगता एकटीच किनाऱ्यावर गेले, तेव्हा तू धावत येऊन सगळ्यांसमोर मला थोबाडीत मारलीस आणि मग मलाच धरून वाळूत बसून रडलीस. उरलेल्या दोन इतक्या लहान आहेत की लिहायला गेले तर संपतील.

ती आली दीड वर्षाने. आंबोलीकडची. घाटावरची बाई, तिला मासे साफ करता येईनात. पहिल्याच आठवड्यात बाबांनी बांगडे आणले तर ते विळीपाशी ठेवून ती नुसती बघत बसली. मी शेजारी जाऊन ओरडून सांगितलं, “तिका म्हावरा साफ करूक येणा नाय!” आणि काकी तोंडाला पदर लावून हसल्या. ती शिकली, अर्थात. महिन्याभरात शिकली. पण मला एक हत्यार सापडलं होतं. ती काहीही करायला गेली की मी म्हणायचे, माझी आई असं नव्हती करत. आमटी, केर, अंथरूण, माझी वेणी, काहीही. आणि खरं सांगते, मला फारसं काही माहीतच नव्हतं ग. मी मनाला येईल ते बोलायचे. माझी आई पेजेत गूळ घालायची, असं एके दिवशी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पेजेत गूळ होता. ती तिथे उभी राहून मी काय म्हणते ते बघत होती. मी सगळी पेज प्यायले. मग ती रोज गूळ घालायला लागली.

हे सगळं जुनं झालं. आता मी कणकवलीला असते, सरकारी कचेरीत नोकरी आहे, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार. घरापासून दीड तासाचा रस्ता, तरी मी वर्षातून दोनदा जायचे, गणपतीला आणि बाबांना बरं नसलं तर. मुलांना तिथे ठेवायचा प्रश्नच नव्हता. पण यंदा ह्यांची बदली रत्नागिरीला झाली, मुलांना सांभाळणारी बाई मे महिन्यात गावाला निघून गेली, आणि मला रजा मिळेना. बाबांचा फोन आला, “पोरांका हंय आणून सोड. आमी आसंव ना.” आमी म्हणजे कोण ते मला कळत होतं. दुसरा इलाज नव्हता. एका रविवारी मी मुलांना घेऊन गेले, कपडे, औषधं आणि काय खातात काय खात नाहीत ह्याची यादी तिच्या हातात दिली, आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. खिडकीतून बघितलं तेव्हा मुलगा रडत होता. वाईट वाटलं, आणि कुठेतरी बरंही वाटलं.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा तो रडत नव्हता. मागीलदारी दोघं रातांब्यांच्या, कोकमाच्या फळांच्या, ढिगाऱ्यात बसली होती. ती एकेक रातांबा फोडून देत होती, मुलगी बिया काढत होती आणि मुलगा सालं उन्हात पसरत होता. कोपरापर्यंत दोघं लाल. मला वाटलं, उठून धावत येतील. मुलाने मान वर केली आणि विचारलं, “आई, तू खंय होतंस?” आणि उत्तराची वाट न बघता पुढची साल उचलली. माझ्या मुलाच्या तोंडी ‘कुठे’ऐवजी ‘खंय’! घरी मी त्यांच्याशी मालवणी बोलत नाही, शाळेत अडेल म्हणून. मी म्हटलं, हात धू, मी आले ना. तर मुलगी म्हणाली, “थांब गो, आजीचं काम आहे.” आजी. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मला विचारलं नव्हतं. यादीत मी लिहिलं होतं, मुलगा फणस खात नाही. त्या दुपारी त्याने माझ्यासमोर बसून अकरा गरे खाल्ले.

आई, मत्सर हा शब्द मी शाळेत निबंधात लिहिला असेन, पण तो अंगात कसा असतो ते मला ह्या मे महिन्यात कळलं. सोमवार ते शुक्रवार मी कचेरीत बसून त्या घराचा विचार करायचे. आता ती त्यांना विहिरीवर आंघोळ घालत असेल. आता भरवत असेल. तुझा फोटो माजघरात आहे ना, त्याला मुलं सकाळी उठल्यावर नमस्कार करतात आणि तुला मोठी आजी म्हणतात, हे मला फोनवर कळलं. फोन ठेवल्यावर मी चिडले. तुझ्यापर्यंत माझ्या मुलांना मी न्यायला हवं होतं. मी नेलं नव्हतं, हा भाग वेगळा.

तिसऱ्या शनिवारी ते काजूचं झालं. झाडावर शेवटचे चार काजू राहिले होते. मी घरासमोरच्या खळ्यात खुर्ची टाकून मोबाईलवर कचेरीतले निरोप बघत होते, मुलगा माझ्यापासून चार हातांवर खेळत होता. त्याने पडलेली काजूची हिरवी बी उचलली आणि चावली. चीक ओठाला लागला, आणि त्याने अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातला मोबाईल पडला. मी उठले, हात पसरले. तो माझ्याकडेच धावत येत होता, असं मला वाटलं. तो माझ्या बाजूने गेला. माझ्या पदराला त्याचा खांदा लागला, एवढा जवळून गेला, आणि आत चुलीपाशी तिच्या मांडीत शिरला. तिने न घाबरता त्याचा ओठ पुसला, खोबरेल लावलं, “काय नाय, काय नाय रे झिला, उद्या बरा होतला” म्हणत राहिली. मी दारात उभी. आणि मी काय बोलले असेन? म्हटलं, “तुमचं लक्ष नव्हतं का? म्हणून मी मुलांना इथे ठेवत नव्हते.” ती त्याच्या ओठावर फुंकर घालत राहिली. माझी मुलगी बोलली. “आई, तू होतीस ना बाहेर. आजी तर भाकरी करत होती.”

मी जेवले नाही. दुपारी माजघरातून बोलण्याचा आवाज आला म्हणून दाराशी गेले. मुलं जमिनीवर चटईवर आडवी, ती मध्ये, मुलाच्या सुजलेल्या ओठावर पंख्याने वारा घालत होती आणि सांगत होती.

“तुमची आई तेव्हा पोटात होती. मोठ्या आजीक लागले कैरीचे डोहाळे. सांगूक लाज वाटली. मगे दुपारची सगळी निजली तशी गेली आंब्यार चढान. चढली खरी, पण उतरूक येयना! थंयच फांदयेर बसली आणि कैऱ्यो खात ऱ्हवली. आजोबा घरभर शोधतत, हाका मारतत, तरी ही वर गप. शेवटाक अर्धी खाल्लेली कैरी आजोबांच्या डोक्यार पडली, तेव्हा कळला.”

मुलगी पोट धरून हसली. मुलगा दुखऱ्या ओठाने म्हणाला, “मगे आई पडली?”

“नाय रे, ती पोटात होती ना, पडतली कशी?”

आई, मी त्या गोष्टीत होते. माझ्या गोष्टीत मी होते, तू होतीस, बाबा होते, आणि ती गोष्टच मला माहीत नव्हती. माझ्या चार वर्षांच्या मुलाला माहीत होती. बाबांनी तुझ्याबद्दल मला कधी काही सांगितलं नाही, तुझं नाव निघालं की ते उठून बाहेर जातात. मग हिला कुणी सांगितलं? उन्हं उतरल्यावर ती मागे सालं गोळा करत होती, तिथे जाऊन मी उभी राहिले आणि विचारलं, “ती झाडाची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?”

“तुझ्या आज्येन. तळेऱ्याच्या.”

म्हणजे तुझी आई. माझा विश्वास बसेना. “तुम्ही तिच्याकडे कशाला गेला होता?”

“जायत होतंय मी. तू शाळेत गेलंस काय सकाळची एसटी धरी, संध्याकाळच्या गाडयेन परत.” ती सालं सुपात भरत होती, माझ्याकडे बघत नव्हती. “पयल्या खेपेक तिणा माका घरात घेवक नाय. खळ्यातच बसलंय. दुसऱ्या खेपेक पाणी दिल्यान. तिसऱ्या खेपेक रडली, आणि मगे बोलूक लागली ती थांबयनाच.”

ते दिवस मला आठवतात. शाळेतून आलं की चावी काकींकडे असायची, जेवण झाकून ठेवलेलं असायचं, आणि मला वाटायचं, गेली आंबोलीला माहेरी, परत आली नाही तर किती बरं.

“पण कशाला?” मी विचारलं.

“तू सारख्या म्हणायचंस, माझी आई असां करायची, तसां करायची. माका म्हायत नाय तर मी करतलंय कसा?” मग ती जराशी हसली. “पेजेतल्या गुळाचा पण इचारलंय. तुझी आजी म्हणाली, माझ्या चेडवाक, तुझ्या आईक, पेजेत गोड बघून शिसारी येय.”

माझे कान तापले. “मग तुम्ही घालत का होता?”

“तुका व्हयो होतो.” मला हवा होता, एवढंच.

मी विचारलं, मला का नाही सांगितल्या ह्या गोष्टी. इतकी वर्षं. ती सूप घेऊन उठली, कंबरेवर हात ठेवून क्षणभर थांबली. “माका वाटला, तू कधीतरी इचारतलंस. न इचारता सांगलंय असता, तर तुका वाटला असता, ही माझी आई पण घेवन बसली.”

तसंच वाटलं मला, आई. अगदी तसंच, त्याच शब्दांत. ती आत गेली आणि मी तिथे लाल डागांच्या जमिनीवर उभी राहून जळत राहिले. तुला वाटेल मी विरघळले, तिच्या पाया पडले. नाही ग. तिच्याकडे तू सबंध आहेस, पोरवयातली, डोहाळ्यांची, आणखी कसकशी. माझ्याकडे पाच तुकडे. जिने तुला कधी पाहिलंही नाही तिच्याजवळ तू एवढी, आणि ते सगळं सांगणारी आजीसुद्धा आता नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मला तळेऱ्याला जाता आलं नसतं, हे मी स्वतःला समजावलं. पण नंतर मी एकोणीस वर्षांचीही झाले होते, आणि पंचवीस वर्षांचीही.

शेवटच्या आठवड्यात मी साहेबांपुढे हट्ट करून तीन दिवसांची रजा घेतली. दुपारी जेवणं झाल्यावर मुलं चटईवर आडवी झाली तशी मीही त्यांच्या बाजूला जाऊन पडले आणि डोळे मिटले. झोप आल्यासारखी. ती आली, बसली, आणि पंख्याचा वारा माझ्याही अंगावर येऊ लागला. मी जागी आहे हे तिला कळलं होतं, माझी खात्री आहे. मग तिने तू शाळा चुकवून कुठल्याशा लग्नात जेवायला गेली होतीस ती गोष्ट सुरू केली, आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, सावकाश सांगायला लागली. तेवढ्यात एक छोटा हात माझ्या कानावर येऊन बसला. मुलगा कुजबुजला, “आई, तू नको ऐकू. आजी आमका सांगता.” मी तो हात काढला. त्याने परत ठेवला. मी परत काढला. चार वर्षांच्या पोराशी मी तुझ्यासाठी भांडले, आई, आणि डोळे न उघडता भांडले. ती सांगायची थांबली नाही. तीन दुपारी मिळून मला तुझ्या सात गोष्टी मिळाल्या.

मुलं आता घरी आहेत, शाळा सुरू होईल. पुढच्या शनिवारी घेऊन ये, म्हणून माझ्यामागे लागली आहेत, आणि मी ‘बघू’ म्हणते. हे पत्र मी तुला कुठे पाठवणार? आणि तिला दाखवायचं तर माझ्यात तेवढी हिंमत नाही. पण कुणापाशी तरी एक गोष्ट कबूल करायची आहे, ती तुझ्यापाशीच करते. तुझा आवाज मला आठवत नाही. किनाऱ्यावर तू माझ्यावर ओरडलीस, केस विंचरताना ‘हलू नको’ म्हणालीस, ते शब्द आठवतात, पण ते शब्द तू बोलतेस तिच्या आवाजात. आजकालचं नाही हे. मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून.