खुर्ची क्रमांक अकरा आणि एमिलचा लिफाफा

मी, बर्नाडीन हुडाक केसलर, वय एकाहत्तर, गिअर कारखान्यातून निवृत्त, तिथल्या कामगार संघटनेची माजी अध्यक्ष, राहणार यंगस्टाऊन, ओहायो, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास लिहून ठेवते की डॅरियस फेन्ट्रेस हा तेवीस वर्षांचा पोरगा यंगस्टाऊन हॅमर्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने चेंडू फेकून खेळ चालवणारा म्होरक्या, व्हायच्या लायकीचा आहे, असे गेल्या ऑगस्टमध्ये या शहरात म्हणणारी मी एकटी होते. आज जानेवारी आहे, त्याच्या हातून हॅमर्सनी तेरा सामने जिंकले आहेत, आणि परवा रविवारी आमच्याच मैदानावर बाद फेरीत टोलेडोशी गाठ आहे. तेरा सामने!

सोमवारी सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. एक डॉक्टर तेवढे म्हणाले, "रविवारी मैदानात जायचं नाही." मी विचारले, "का?" ते म्हणाले, "तुम्ही ओरडता." ते ऐकून मी हा कागद पुढे ओढला.

कलम १. सन २०१९ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यातले चौथे कलम असे होते: "माझा धाकटा भाऊ एमिल हुडाक याला काहीही मिळू नये. गॅरेजात तो टाकून गेलेली मोडक्या पायाची घडीची खुर्ची मात्र त्याने येऊन न्यावी." हे लिहिताना मला भारी आनंद झाला होता. ते खोडताना त्याहून मोठा होतो आहे. कारण सहाव्या कलमात येईल.

कलम २. राहते घर आणि गॅरेज माझी मुलगी नोरीन हिला. घराला कोणताही रंग द्यावा, टोलेडोचा हिरवा सोडून. गॅरेजातल्या भिंतीवरचा फळा पुसू नये.

कलम ३. बँकेत जे असेल त्याचे दोन भाग नोरीनला, एक भाग आमच्या पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयाला. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. पुढचे सगळे शिक्षण मी त्या इमारतीत घेतले. या पैशातून इतिहासाची पुस्तके घ्यावीत. यशस्वी उद्योगपतींनी स्वतःविषयी लिहिलेले एकही पुस्तक घेऊ नये.

कलम ४. माझी हत्यारांची पेटी, तीन मायक्रोमीटर आणि पाना-संचासकट, संघटनेच्या प्रशिक्षण वर्गाला. मायक्रोमीटर टेबलावर आपटणाऱ्याच्या हाती देऊ नये. सामन्याआधी मैदानाच्या वाहनतळावर आम्ही जिच्यावर सॉसेज भाजतो ती शेगडी मी शेजारीण लॅव्हिनिया प्रुइट हिला देणार होते. पण वकील टिबोर साबो यांनी कायदा सांगितला: या कागदावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला या कागदातून काही मिळत नाही. लॅव्हिनिया लगेच म्हणाली, "मग मी सही करते बाई. तुझ्या शेगडीवर सॉसेज एका बाजूनं करपतात, एका बाजूनं कच्ची राहतात." म्हणून शेगडी चर्चच्या सभागृहाला. साक्षीदाराचा हा कायदा वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा. पुढे लागणार आहे.

कलम ५. हॅमर्सचे संघव्यवस्थापक क्लेटन व्हॉस यांना माझा वाचायचा जुना चष्मा. संघात कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे हे या गृहस्थांच्या हाती आहे, आणि अकरा वर्षे त्यांना समोरचे दिसलेले नाही. क्वार्टरबॅक कसा निवडतात? हे गृहस्थ त्याची उंची मोजतात, चेंडू किती लांब फेकतो ते मोजतात, किती वेगाने पळतो ते घड्याळ लावून बघतात. अहो, चार अडदांड माणसे अंगावर येत असताना तो कुठे बघतो, ते बघा! पायांकडे बघतो की मैदानाकडे? फेन्ट्रेस मैदानाकडे बघतो. ते मला सरावाच्या दुसऱ्या दिवशी तारेच्या कुंपणाबाहेरून दिसले. आणि क्वार्टरबॅकची पाठ राखणारा माणूस स्वस्तात मिळतो म्हणून दर वर्षी बदलायचा, हा कोणता शहाणपणा? ज्याची पाठ उघडी आहे त्याने चेंडू फेकायचा की मागे बघत राहायचे? कारखान्यात यंत्रावरचे संरक्षक कवच काढून ठेवणारा एक मुकादम होता. आम्ही त्याला नऊ दिवसांच्या संपाने शिकवले. व्हॉस यांना शिकवायला प्रेक्षकांकडे संप नाही, ही या खेळातली एकच मोठी त्रुटी आहे.

फेन्ट्रेसला त्यांनी ठेवला तो नाइलाजाने. पहिले दोघे जखमी झाले म्हणून. श्रेय त्यांना देऊ नये. चष्मा द्यावा.

कलम ६. न्यायालयात बसणारे सगळेच खेळ बघतात असे नाही, म्हणून सांगते. ऑगस्टअखेर प्रत्येक संघाला नव्वद खेळाडूंतून त्रेपन्न ठेवावे लागतात. उरलेले सदतीस त्या एका दिवशी घरी जातात. आमचे वडील स्टीफन हुडाक पोलादाच्या भट्टीवर होते. त्यांनी आमच्या घरात रीत घातली: आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी गॅरेजात जमायचे, प्रत्येकाने आपण ठेवले असते ते त्रेपन्न कागदावर लिहायचे आणि लिफाफा चिकटवायचा. तोंडाने उन्हाळाभर काय वाटेल ते बोला, लिफाफ्यात मात्र खरे लिहायचे. संघाची यादी दुसऱ्या दिवशी जाहीर झाली की लिफाफे फोडायचे, ज्याची नावे जास्त जुळली त्याचे नाव फळ्यावर. आणि फोडेपर्यंत आत काय आहे ते कोणी कोणाला सांगायचे नाही. मारून टाकले तरी नाही.

ऑगस्ट २०१३. वेड ऑस्ट्रँडर बारा वर्षे आमचा क्वार्टरबॅक होता. वय चौतीस, एक गुडघा दोनदा कापलेला. त्याला ठेवावे की काढावे यावर शहर दुभंगले होते. एमिल उन्हाळाभर एकच धोशा लावून होता: काढा. त्याच आठवड्यात कारखान्याने चाळीस जणांना घरी पाठवले होते, सगळे पन्नाशीपुढचे, आणि ती लढाई मी हरले होते. हे एमिलला माहीत होते. ते मला किती लागले आहे ते त्याला माहीत नव्हते.

गॅरेजात लिफाफे चिकटवून झाले आणि तो म्हणाला, "गुडघा गेलेला माणूस ठेवून करायचंय काय, बर्नी? काचेच्या कपाटात मांडायचाय?"

मी म्हटले, "बारा वर्षं मार खाल्ला त्यानं तुमच्यासाठी!"

"मग काय, म्हातारपणी संघ त्याला पोसणार? तो संघ आहे, तुझी संघटना नाही."

"चालता हो."

"अगं, गंमत..."

"चालता हो माझ्या घरातून! परत पाय ठेवलास तर बघ."

दारात थांबून तो म्हणाला, "उद्या लिफाफा तरी फोड माझा."

"तुझा लिफाफा कचऱ्यात जाईल," मी म्हणाले.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरे. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रँडरला काढले आणि मी रेडिओवरच्या प्रेक्षकांच्या कार्यक्रमात फोन करून सगळ्या जिल्ह्याला सांगितले की माणसे मोडीत काढणाऱ्यांची जात कशी असते ते माझा भाऊ एमिल हुडाक याच्याकडे बघून शिका. नावासकट. तो शाळेची बस चालवायचा. दुसऱ्या दिवसापासून मुले बसमध्ये चढताना त्याला काय काय म्हणायची ते मला चार वर्षांनी लॅव्हिनियाकडून कळले. तेव्हाही मी फोन उचलला नाही.

मैदानातल्या आमच्या दोन खुर्च्या वडिलांच्या. विभाग ११८, रांग ९, क्रमांक अकरा आणि बारा. त्या माझ्या नावावर झाल्या कारण तेव्हा एमिल सैन्यात होता. माझा नवरा वॉल्टर गेल्यापासून अकरा क्रमांकावर एमिल बसायचा. त्या ऑगस्टनंतर त्या खुर्चीवर माझा कोट बसतो. बारा मोसम, दोन्ही तिकिटे माझी, एक माझ्यासाठी, एक कोटासाठी. लोक म्हणायचे, "बाई, जरा कोट उचलता का?" मी म्हणायचे, "तो सामना बघतोय."

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. वकिलांनी हत्यारांची यादी मागितली म्हणून मी पेटी उपसली. सगळ्यात खालच्या खणात, मायक्रोमीटरच्या डब्याखाली, एमिलचा लिफाफा. न फोडलेला. कचऱ्यात घालीन म्हटले होते, पण वडिलांच्या रीतीचा लिफाफा माझ्या हाताने टाकवला नव्हता.

मी तो फोडला. पहिली ओळ क्वार्टरबॅकची. त्याच्या ठसठशीत अक्षरात: वेड ऑस्ट्रँडर. खाली दोन रेघा. दुसरी रेघ इतकी दाबून की कागद फाटला आहे.

मी गॅरेजातल्या जमिनीवर बसले. मग उठले आणि मोठमोठ्याने हसले, आणि मग जे झाले ते न्यायालयाला सांगायची गरज नाही. त्याने ऑस्ट्रँडरला ठेवला होता! उन्हाळाभर तो माझ्याशी भांडत होता, कारण मी एका बाजूला होते आणि भांडायला दुसरी बाजू लागते. आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नव्हती, वाद घालायची होती. आणि मी हाकलले तेव्हा दारात उभा राहून त्याला एका वाक्यात सगळे मिटवता आले असते. मिटवले नाही, कारण लिफाफा फोडण्याआधी आतले सांगायचे नाही. रीत त्याने पाळली. मी मोडली.

नोरीनला फोन केला. ती म्हणाली, "आई, मग मामाला फोन कर ना."

"काय बोलू?"

"चुकले म्हण."

"मी एकतीस वर्षं मालकांशी वाटाघाटी केल्या. हा शब्द एकदाही वापरला नाही."

"म्हणूनच अकरा वर्षं कोटाशेजारी बसलीस."

ही मुलगी माझीच आहे. तरी न्यायालयासमोर, लेखी, शाईने: एमिल, मी चुकले.

कलम ७. विभाग ११८, रांग ९ मधली खुर्ची क्रमांक अकरा माझा भाऊ एमिल हुडाक याला. क्रमांक बारा नोरीनला. परवाच्या सामन्याची दोन्ही तिकिटे या कागदाला टाचली आहेत आणि ती आजच द्यायची आहेत, मी असले काय नसले काय. अटी अशा. खुर्च्या विकू नयेत, भाड्याने देऊ नयेत, टोलेडोच्या माणसाला कोणत्याही कारणाने त्यांवर टेकू देऊ नये. शेवटची शिट्टी होईपर्यंत उठू नये, हरत असलो तरी. हरत असलो तर मुळीच नाही. आणि दर ऑगस्टला गॅरेजात लिफाफे चिकटवावेत. मी वाचले तर माझ्यासाठी तिसरे तिकीट या दोघांनी मिळवावे. कसे ते मला विचारू नये.

कलम ८. माझा अंत्यविधी रविवारी ठेवू नये. भाषणे नकोत, मी पुरेशी केली आहेत.

कलम ९. साक्षीदार दोन. पहिली लॅव्हिनिया. दुसरी जागा मी रिकामी ठेवली आहे आणि एमिलला चिठ्ठी पाठवली आहे: "शुक्रवारी तीन वाजता मृत्युपत्राला साक्षीदार हवा. ये." वकील म्हणाले, "बाई, त्यानं सही केली तर सातवं कलम त्याच्यापुरतं बाद होईल. खुर्ची जाईल."

मी म्हटले, "माहीत आहे. त्याला कागद वाचायला द्या आणि कायदाही सांगा."

सही केली तर समजेन की तो भावाचे कर्तव्य करून, माझ्या हातून काही न घेता, ताठ मानेने निघून गेला. तो त्याचा हक्क आहे. मी अडवणार नाही. वकिलांच्या कचेरीतल्या रोझालिंड टकर बाहेर गाडीत थांबल्या आहेत, गरज पडली तर.

तीन वाजायला चार मिनिटे आहेत. दारात गाडी थांबली आहे. गाडीचे दार आपटण्याची ही पद्धत मी कुठेही ओळखेन.

बर्नाडीन हुडाक केसलर
(मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १: लॅव्हिनिया प्रुइट, शेजारीण.

साक्षीदार २: ~~एमिल हु~~

सही करणार नाही. खुर्ची हवी. फेन्ट्रेसला मात्र राखीव बाकावर बसवा, त्याला डावीकडे पळताना चेंडू फेकता येत नाही. — एमिल

साक्षीदार २: रोझालिंड टकर, कचेरी साहाय्यक.

वरील खोडाखोड व मजकूर माझ्यासमोर, सर्वांच्या संमतीने आणि बऱ्याच आरडाओरड्यात झाला. — टिबोर साबो, वकील.

यंगस्टाऊन, ओहायो. शुक्रवार, १० जानेवारी २०२५, दुपारी चार वाजून वीस मिनिटे.

जाता जाता, माझ्याच हाताने: फेन्ट्रेसविषयी एमिलने वर जे लिहिले आहे, त्यावर न्यायालयाने विश्वास ठेवू नये. त्याने आत्ताच माझ्या टेबलावर एक लिफाफा चिकटवून ठेवला आहे. रविवारी शिट्टी झाल्यावर फोडणार आहोत. — ब. हु. के.