मागचा कोपरा

८ ऑगस्ट २०१६, वुडलँड्स

तर पुन्हा मीच वाईट. तीन वर्षं पैसे पाठवतोय तो मी, आणि घर मोडायला निघालेला चांडाळही मीच. दादाचा फोन होता. इंजिनियर माप घेऊन गेला, नकाशा तयार आहे, गणपती झाले की पाडायचं ठरलं. पण आबा जोत्यावर बसून आहेत. "हे सहा थर मी घातलेत. आधी मला उचलून बाजूला ठेवा, मग पाडा." जेवायलाही आत येत नाहीत म्हणे. आई पडवीत ताट नेऊन देते.

अरे, पण कौलं गळतात. भिंतीला ओल आहे. दादाचं लग्न जमायचंय, आणि मुलीकडचे आधी घरच बघतात. मी काय माझ्यासाठी स्लॅब मागतोय?

हे आबांना मीच समजावलं असतं. पण माझ्याशी बोलतील तर ना. जांभ्या चिऱ्याची खाण सोडून इकडे सिंगापुरात टाइल्स बसवायला आलो, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून एक शब्द नाही. शेवटचं जे बोलले ते लांज्याला एस.टी.त चढताना. "जा. चिकटवत बस."

११ ऑगस्ट

आबांना हे कळता कामा नये.

फेब्रुवारीत गोदीत मोठं प्रवासी जहाज दुरुस्तीला आलं होतं. त्याच्या पोहायच्या हौदाच्या टाइल्स सुटल्या. आमच्याच. जहाज आता युरोपात, पार वरच्या बाजूला फिरतंय. कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने माणसं पाठवून परत बसवून द्यायच्या असं ठरलंय.

सेल्वम अण्णा, आमचा फोरमन, डॉर्मच्या दारात उभा राहून ओरडला, "संतोष! तेरा दीवार गया!"

माझीच भिंत. टाइलखाली जो लेप लावतात तो दोन दिवस वाळू द्यायचा असतो. जहाजाला निघायची घाई होती. संध्याकाळी हात लावला, जरा चिकट लागला. म्हटलं चालतंय. चालवलं.

चौघांना पाठवणार. अण्णा, दोन तमिळ पोरं आणि मी. जे पाडलं ते बघायला विमानाने नेतायत. शिक्षा आहे की बक्षीस, कळेना.

१९ ऑगस्ट, कोपनहेगन

व्हिसा, विमान, थंडी, सगळं एकदम. ऑगस्टात स्वेटर. अण्णाकडे नाही, तो दोन शर्ट घालून आलाय.

जहाजावर चढायला तीन तास होते म्हणून गावात गेलो. एक कालवा आहे, त्याच्या काठाने घरं. पिवळं, लाल, निळं, खांद्याला खांदा लावून. मधे बोटभर जागा नाही. एका घरावर साल लिहिलंय, सोळाशे काहीतरी. मी परत वाचलं. तेव्हा शिवाजी महाराज असतील. आणि वर खिडकीत एक बाई झाडाला पाणी घालत होती. म्हणजे राहतात त्यात!

नुसता उभा.

अण्णाने फोटो काढला. मी मधोमध, हात कमरेवर, मागे घरं. घरी पाठवला.

२१ ऑगस्ट, जहाज

हौद रिकामा करून ठेवलाय. आत उतरलो. माझ्या भिंतीवरची टाइल नखाने निघते. हाताने सोलत गेलो, केळं सोलतात तशी. जहाजाचा माणूस वर उभा राहून बघत होता.

खाली पत्रा घासून साफ केला, दुपारी लेप लावला. अण्णाने सगळ्यांना बोट दाखवून सांगितलं, "दो दिन. कोई हाथ नहीं लगाएगा. तू तो बिलकुल नहीं."

म्हणजे दोन दिवस काम नाही. लेप वाळतोय तोवर गाव बघा.

घरून फोटोला उत्तर. आईचं बोलणं दादाने रेकॉर्ड करून पाठवलं, "वाळलास रे." आणि त्याच्याखाली आणखी एक, नऊ सेकंदांचं. आधी नुसता खाकरल्याचा आवाज. मग आबा. "जरा बाजूला हो म्हणावं त्याला. मागचा कोपरा दिसत नाही."

पाच-सहा वेळा ऐकलं. तीन वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर बाजूला हो.

२२ ऑगस्ट, स्टॉकहोम

आज बाजूला झालो.

जुनं गाव बेटावर आहे. गल्ल्या अशा की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात. एका बोळाला पायऱ्या, त्यात समोरून बाई आली तर एकाने मागे जावं लागतं. पायाखाली दगड, गोटे, मधे उंच आणि कडेला उतार, पाणी कडेने जावं म्हणून. कोणी एकाने गुडघ्यावर बसून एकेक बसवला असणार. मी बसून हात लावला. घट्ट. माझी भिंत आठवली.

कोपऱ्यांचे फोटो काढत सुटलो. एका ठिकाणी दोन गल्ल्या मिळतात तिथे भिंतीतच एक कोरलेला दगड बसवलाय, नागासारखी वेटोळी, मधे अक्षरं. आणि त्याच्याखाली कोपऱ्याला चक्क तोफेची नळी उभी पुरलेली. मी खाली बसून नळीचा फोटो काढत होतो, तर मागून मराठी.

"अहो, तो बघा, गटाराच्या पाइपचा फोटो काढतोय."

"पाइप नाही हो, तोफ आहे," मी म्हणालो. बाईंनी तोंडावर हातच ठेवला.

केळकर काका-काकू. आमच्याच जहाजावरचे, पण वरच्या मजल्यावरचे. मुलगा सिंगापुरात कामाला, त्याच्याकडेच बुकित बातोकला राहतात. काकू म्हणाल्या, "कुठले तुम्ही?" लांज्याकडचा म्हटल्यावर, "अगोबाई, माझं आजोळ तिकडचं!" आणि पर्समधून चिवड्याची पुडी काढून हातात दिली. तोफेसमोर उभा राहून चिवडा खाल्ला.

काकांच्या गळ्यात मोठा कॅमेरा. त्यांनी सांगितलं, तो कोरलेला दगड घराच्या कितीतरी शतकं आधीचा. घर बांधणाऱ्याला कुठेतरी पडलेला सापडला, चांगला दिसला, बसवून टाकला. आणि नळी कशाला? गाडीचं चाक कोपऱ्याला घासू नये म्हणून.

काका काकूंचा फोटो काढायला लागले. "अहो, माझं डोकं कापू नका हं. कोपनहेगनला सगळीकडे नुसते पाय आलेत." मग मीच दोघांचा काढला. काका म्हणाले, "तुम्ही कशाचे काढताय?" दाखवले. एकसष्ट फोटो, सगळे कोपरे आणि सांधे. काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मी सकाळपासून मनोरे काढतोय. माझ्याकडे यातला एकही नाही."

घरी बारा पाठवले. एकातही मी नाही.

२३ ऑगस्ट, टॅलिन

काय लिहू. गावाभोवती तट आहे, अजून आहे, बुरूज लाल टोप्या घालून उभे. राखाडी दगड, पातळ पातळ, भाकऱ्यांची चवड रचावी तसे थर. शेकडो वर्षं. मान दुखेपर्यंत वर बघितलं.

तटाला एके ठिकाणी परांची बांधलेली, एक म्हातारा गवंडी काम करत होता. सिमेंट नाही, चुना. वास ओळखला. मी आडव्या बांधलेल्या दोरीपाशी उभा राहिलो तर हाताने "जा जा" करायला लागला. मी माझे तळवे दाखवले. त्याने बघितले. मग त्याचे दाखवले. दोघं हसलो.

दोरी उचलून आत घेतलं. एक दगड हातात दिला. मी लगेच चुना लावून बसवायला गेलो, तर त्याने मनगट धरलं. दगड काढून घेतला, पाण्यात बुडवला, बाजूला ठेवला आणि स्वतः पाइप पेटवून बसला. मलाही हातानेच बस म्हणाला. दगड पाणी पीत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला जहाजाची वेळ होती, पाय हलत होते, आणि हा आरामात धूर सोडतोय. हा म्हणजे आबाच, दुसरं कोण. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात ठेवला की टणक होतो. मी बारा वर्षांचा असताना घाई करायचो तर आबा पिकाव बाजूला ठेवून असेच बसायचे. "त्याचं त्याला होऊ दे."

मग बसवला. एक दगड. टॅलिनच्या तटात, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, डावीकडून तिसरा. माझा.

जहाजापर्यंत पळत गेलो. शिडी उचलायला आले होते. अण्णाने आईवरून शिव्या दिल्या, तमिळमधून, तरी कळल्या.

२५ ऑगस्ट

रशियात आम्हाला उतरायची परवानगी नाही. टाइल्स बसवतोय. लेप असा वाळलाय की ठोकला तर खणखणतो.

स्टॉकहोमच्या फोटोंवर आबांचं एकच उत्तर. "तोफ चांगली. आपल्या कोपऱ्याला रिक्षावाला घासून जातो, तिथे असं काहीतरी पाहिजे." म्हणजे फोटो नीट बघतात. दादा म्हणाला, "फोन परतच देत नाहीत. दोन बोटांनी मोठं करून सांधे मोजतात."

टॅलिनच्या दगडाचा फोटो पाठवलाय. माझा दगड आहे हे लिहिलं नाही.

२७ ऑगस्ट, गदान्स्क

बंदरापासून बसने तासभर. केळकर काका म्हणाले चल. हौद झाला, पाणी भरलं, एक टाइल हलली नाही, म्हणून अण्णाने सोडलं.

असा रस्ता मी जन्मात बघितला नाही. रुंद, दोन्हीकडे उंच चिंचोळी घरं, माथ्यावर पुतळे, सोन्याची चित्रं, दारापुढे दगडी ओटे आणि ओट्यांना कोरलेले कठडे. ओटे! आपल्यासारखे, बसायला. काकू एका ओट्यावर जाऊन बसल्याच. "इथे तांदूळ निवडावेत."

मी म्हणालो, "काका, हे चारशे-पाचशे वर्षं कसं टिकलं असेल?"

काका म्हणाले, "टिकलं नाही. युद्धात हे सगळं पडलं. ढीग होते इथे. हे लोकांनी नंतर पुन्हा बांधलंय."

एका दुकानाच्या काचेत जुना फोटो होता, तेव्हाचा. हाच रस्ता, पण विटांचे ढिगारे, एकटी उभी राहिलेली भिंत, तिच्या खिडक्यांतून आभाळ.

आधी राग आला. सकाळपासून हात जोडावेत तसा फिरत होतो, आणि हे तर माझ्या आजोबांच्या वेळचं. मग परत रस्त्यात आलो. कठड्यावर हात फिरवला. ढिगातून दगड शोधून, कुठला कुठे होता ते आठवून... किती माणसं लागली असतील. आणि साधी खोकी बांधता आली असती की. मला पहिल्यापेक्षा जास्त भरून आलं. का ते कळलं नाही.

पण मी मीच. बसमध्ये मनात आलं, आता सापडले आबा. ढिगाऱ्याचा फोटो आणि आजचा फोटो, दोन्ही पाठवले. खाली लिहिलं, आबा बघा, इतकी मोठी गावंसुद्धा नवीन बांधलेली आहेत. मग आपल्याच घराचं काय घेऊन बसलात?

३१ ऑगस्ट, वुडलँड्स

परत आलो. उकाडा. डॉर्ममध्ये पोरं मोबाइलवर फोटो बघायला जमली. "तू किधर है इसमें?" कोपनहेगनचा एकच दाखवला.

आबांचं उत्तर नाही. चार दिवस. जास्तच बोललो.

३ सप्टेंबर

दादाच्या नंबरवरून फोन. उचलला तर आबा. रेकॉर्ड नाही, खरे.

"ऐकतोस?"

"हो."

"त्यांच्यावर बाँब पडले. आपल्या घरावर कोण टाकतोय?"

मी डॉर्मच्या जिन्यावर जाऊन बसलो.

"आणि त्यांनी काय बांधलं परत? जे होतं तेच ना? का स्लॅब टाकली?"

"आबा, गळतं हो घर."

"गळतं ते मला सांगतोस? मी झोपतो त्याच्याखाली." मग खाकरले. मागून आई म्हणत होती, नीट बोला, परमुलखात आहे पोर. "हे बघ. जोत्याला हात लावायचा नाही. भिंती उतरव. भिंती परत चिऱ्याच्याच. वर तुझी स्लॅब घाल हवी तर. मुलीच्या बापाला स्लॅब दिसली म्हणजे झालं."

"बरं."

"बरं काय? गवंडी कोण? वाडीतल्या दिनूला ओळंबा धरता येत नाही. माझे गुडघे गेले. तू."

मी म्हणालो, परमिट जानेवारीपर्यंत आहे. अण्णा पुढचं वाढवून देतो म्हणालाय. जपानला एक जहाज जाणार आहे, त्याचंही...

"दिवाळीनंतर खाण सुरू होईल. चिरे आणून अंगणात रचून ठेवतो. मार्चपर्यंत उन्हात राहतील. घाई नाही."

मग एकदम, "त्या तटातला डावीकडून तिसरा कोणी बसवला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाकीच्यांपेक्षा सूतभर बाहेर आहे," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

४ सप्टेंबर

उद्या घरी गणपती. इथे रविवार, पैसे पाठवायच्या खिडकीला रांग.

अण्णाने सकाळी परत विचारलं, जपानचं काय? म्हटलं, सांगतो. तिथे किल्ले आहेत म्हणे, चुन्याशिवाय रचलेले. बघायचेत. मार्चही डोक्यात आहे. अंगणात चिऱ्यांची रास, त्यावर ऊन, आणि पडवीत आबा बसलेत, घाई नाही म्हणत.

फॉर्मवर कारण लिहायचं असतं. दर वेळी 'घरखर्च' लिहितो. आज 'चिरे' लिहिलं. खिडकीतल्या बाईने विचारलं, "वॉट इज धिस?" मी फोनमध्ये तटाचा फोटो उघडून दाखवला. "ओ, स्टोन लाह," म्हणाली आणि शिक्का मारला.

सातशे डॉलर.