पत्रिकेवर चक्र उमटंना

मंठा, रविवार

चि. अक्षता हिस,

अप्पाचा सप्रेम जयभीम. पुण्यात तुझं जेवण वेळेवर होत असंल (न्हाई होत, मला माहीत हाय) असं धरून लिहितो. माझी तब्येत बरी हाय. घरात आता माझाच खोकला मला ऐकू येतो, बाकी सगळं ठीक.

तुझ्या आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका मीच कम्प्युटरवर करून राह्यलो. (तू येणार का, ते तू बोलली न्हाईस. मी बी आता विचारत न्हाई.) मजकूर झाला, पण वर धम्मचक्र पाहिजे. तू फोनवर म्हणलीस, आल्ट दाबून धरा अन् ९७८४ मारा, एकदम सोपं हाय. अन् मीटिंगला पळालीस. मी वरच्या रांगेतले आकडे मारले तर भलत्याच पट्ट्या उघडल्या. परत फोन. उजवीकडचे मारा म्हणलीस, ते मारले तर कर्सर उड्या मारत पार खाली जाऊन बसला. परत फोन. तवा कुठं तू आधी नमलॉकचं बटण चालू करायचं सांगितलंस. (हे पहिलेच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण असू दे.)

आता बटण धरायचं, चष्मा सावरायचा अन् आकडे बी मारायचे, हात दोनच. म्हणून शेजारच्या गोजरबाईला बोलावलं. बाईनं आल्टवर दोन्ही अंगठे असे रोवले, जशी काही कोंबडीच निसटून जाईल. मी ९७ मारले, तेवढ्यात तिनं पडद्यावर 'कालकथित केशरबाई' वाचलं अन् डोळे पुसायला पदर धरला. झालं! बटण सुटलं, माझी बोटं पुढं गेली, अन् तुझ्या आईच्या नावावर a84. गोजरबाई रडता रडता म्हणाली, सर, हा केशरचा रोल नंबर हाय का? लई हसलो दोघं. मंग ती सैपाकाला गेली. मी तसाच खुर्चीत बसून राह्यलो. लई एकटं वाटलं बाळा, खोटं कशाला सांगू.

तुझा,
अप्पा

ता. क. (मंगळवारी लिहितो.) चक्र काल उमटलं. एकट्यानंच केलं. झकास दिसून राह्यलं.

आणखी ता. क. प्रेसवाला पहिल्याच दिवशी म्हणला होता, सर, चक्र आमच्याकडं तयार असतंय, तुम्ही कशाला त्रास घेता? मीच न्हाई म्हणलो. चक्राचं विचारलं की तू फोनवर बोलतीस. कवा येतीस विचारलं की गप होतीस.

शेवटचं. निमंत्रक म्हणून एकटं तुझंच नाव टाकलंय अन् पत्रिका छापायला गेली. बोलावणारीच न्हाई आली, तर दारात उभा राहून मी लोकांना काय सांगू?